एका कॅज्युअल्टीतून दुसऱ्या कॅज्युअल्टीत: गंभीर जखमीला वाचवायचं तर हॉस्पिटलांनी आधी काय ठरवायला हवं?

९ जून २०२५ च्या सकाळी दिवा आणि मुंब्रा स्थानकांच्या दरम्यान लोकलच्या दारात लटकलेले प्रवासी वळणावर रुळांवर पडले. त्यातल्या चौघांचा त्याच दिवशी मृत्यू झाला. पुढे बरेच दिवस गर्दीवर, त्या वळणावर आणि आपोआप बंद होणाऱ्या दारांवर चर्चा झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण अशा प्रत्येक अपघातात आणखी एक प्रश्न असतो आणि तो बहुधा मागे राहतो. जे जिवंत आहेत त्यांना कुठे न्यायचं, हे कोण ठरवतं? कशाच्या आधारावर ठरवतं?

हा प्रश्न रेल्वेपुरता नाही. घोडबंदर रोडवर कंटेनरची धडक बसलेला बाइकवाला, ठाणे-बेलापूर रोडवर पहाटे शिफ्ट संपवून निघालेला कामगार, कळंबोली सर्कलला ट्रेलरखाली सापडलेला पादचारी, खारघरच्या टॉवरवर परांचीवरून पडलेला मजूर, या सगळ्यांचं पुढच्या दोन-तीन तासांत काय होतं ते याच प्रश्नाच्या उत्तरावर ठरतं. आपल्या भागात हॉस्पिटलं कमी नाहीत. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, ठाण्याचं सिव्हिल, वाशीचं महापालिका रुग्णालय, कामोठ्याचं एमजीएम, नेरुळचं डी. वाय. पाटील आहे, आणि हमरस्त्यांच्या कडेला मोठी खासगी रुग्णालयं आहेत. तरीही अपघातानंतर नातेवाइकांच्या तोंडून एक वाक्य वारंवार ऐकू येतं: "तीन हॉस्पिटलं फिरलो."

ही फिरवाफिरव कशी होते आणि ती थांबवण्याचा जगात सिद्ध झालेला मार्ग कोणता, हे समजून घेऊ.

### गंभीर जखमी म्हणजे नेमकं कोण?

बाहेरून बसलेल्या आघातामुळे शरीराला होणाऱ्या इजेला डॉक्टर 'ट्रॉमा' म्हणतात. मनगट मोडलं, डोक्याला चार टाके पडले, हाही ट्रॉमाच. अशा बहुतेक जखमींना जवळचं हॉस्पिटल पुरतं. हा लेख त्यांच्याबद्दल नाही. ज्याच्या शरीरात एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी अशी इजा झाली आहे की त्यातली कुठलीही एक जीव घेऊ शकते, त्या रुग्णाबद्दल आहे.

समजा, रात्रीचे दोन वाजलेत. कासारवडवलीजवळ पंचवीस वर्षांच्या डिलिव्हरी करणाऱ्या मुलाला डंपरनं उडवलंय. मांडीचं हाड मोडलंय, कमरेच्या हाडांचा घेर तुटलाय, डाव्या बरगड्यांखाली प्लीहा फाटलीय आणि डोक्यालाही मार आहे. तो शुद्धीवर आहे. पाणी मागतोय, मांडी धरून ओरडतोय. जमलेल्या लोकांचं सगळं लक्ष त्या मांडीकडे.

मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण पाच लिटर रक्त असतं. मोडलेल्या मांडीच्या आतल्या आत लिटर-दीड लिटर रक्त साठू शकतं, तुटलेल्या कमरेत त्याहून जास्त, आणि फाटलेल्या प्लीहेचं रक्त पोटात पसरतं. बाहेर रस्त्यावर थेंबभर डाग दिसेल-न दिसेल. तरुण शरीर हे बराच वेळ झाकून ठेवतं: रक्तवाहिन्या आकसतात, हृदय जोरात धावतं आणि ब्लड प्रेशर टिकून राहतं. जवळजवळ तिसरा हिस्सा रक्त गेल्यावर मात्र ते एकदम ढासळतं. म्हणून "बीपी नॉर्मल आहे, काळजी नको" या वाक्यावर अशा रुग्णाच्या बाबतीत विसंबून चालत नाही. वाढलेली नाडी, थंडगार पडलेले तळहात आणि अस्वस्थपणा आधी बोलतात. जो ओरडतोय त्याच्यापेक्षा जो गप्प पडत चाललाय त्याची काळजी जास्त करायची, असं अपघात विभागात मुरलेल्या सिस्टर सांगतात ते यासाठीच.

या मुलाला तास-दीड तासात काय लागेल? पोट उघडणारा सर्जन, हाडांचा डॉक्टर, भूल देणारा डॉक्टर, मेंदूचा सर्जन, सीटी स्कॅन, भरपूर रक्त, रिकामं ऑपरेशन थिएटर आणि आयसीयूतली एक खाट. यातली प्रत्येक गोष्ट ठाण्यात आहे. पण ती सगळी एका छताखाली, रात्री दोन वाजता, आणि बोलावल्यावर अर्धा तास न लावता मिळेल का, हा खरा मुद्दा आहे.

### गोल्डन अवर म्हणजे साठच मिनिटं का?

'गोल्डन अवर' ही कल्पना अमेरिकेत बाल्टिमोरचे सर्जन आर. ॲडम्स काउली यांनी रुजवली. आपल्या मोटार वाहन कायद्यातही २०१९ च्या दुरुस्तीनं तिची व्याख्या आली: इजा झाल्यापासूनचा एक तास, ज्यात तातडीच्या उपचारांनी मृत्यू टळण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.

मात्र एकसष्टाव्या मिनिटाला दार बंद होतं असं नाही. साठ या आकड्यामागे काटेकोर पुरावा नाही. ज्याचा श्वास अडकलाय त्याच्याकडे पाचच मिनिटं असतात, पोटात हळूहळू रक्त साठतंय त्याच्याकडे दोन तास असू शकतात. डोनाल्ड ट्रंकी या अमेरिकी सर्जननं १९८३ मध्ये अपघाती मृत्यूंचे तीन टप्पे दाखवले होते. जवळजवळ अर्धे मृत्यू जागीच किंवा काही मिनिटांत होतात; ते हेल्मेट, सीटबेल्ट आणि चांगले रस्तेच टाळू शकतात. दुसरा टप्पा पुढच्या काही तासांचा, त्यात मुख्यतः रक्तस्राव आणि मेंदूवरचा दाब. तिसरा टप्पा दिवसा-आठवड्यांनंतरचा, जंतुसंसर्ग आणि एकेक अवयव निकामी होण्याचा. हॉस्पिटलांची घडी नीट बसवून वाचवता येतात ते मुख्यतः दुसऱ्या टप्प्यातले रुग्ण. शिवाय पहिल्या काही तासांतले उपचार नीट झाले तर तिसऱ्या टप्प्यातलेही बरेच वाचतात.

यात एक गोष्ट निसटते. वेळ मोजायची ती अपघातापासून रक्तस्राव प्रत्यक्ष थांबेपर्यंत. हॉस्पिटलच्या गेटपर्यंत पोचलो म्हणजे घड्याळ थांबलं असं होत नाही. अँब्युलन्स वीस मिनिटांत पोचली आणि रुग्ण दीड तास चुकीच्या कॅज्युअल्टीत पडून राहिला, तर ती वीस मिनिटं कमावून काही उपयोग झाला नाही.

### जवळच्या हॉस्पिटलात न्यायचं की योग्य हॉस्पिटलात?

मनाला पटतं ते उत्तर म्हणजे जवळच्या. ज्याचा श्वास अडकलाय किंवा नाडी लागत नाही त्याच्यासाठी ते बरोबरही आहे. आपल्या उदाहरणातल्या मुलासाठी मात्र तसं नाही. जवळच्या पंचवीस खाटांच्या नर्सिंग होममध्ये सज्जन आणि हुशार डॉक्टर असतील, पण तिथे रात्री पोट उघडता येत नसेल तर त्याच्यासाठी ती जागा वाटेतला थांबाच ठरते.

म्हणून ज्या देशांनी ही व्यवस्था उभी केली त्यांनी सर्वांत आधी हॉस्पिटलांच्या पायऱ्या ठरवल्या. वरच्या पायरीवर सगळी तज्ज्ञ मंडळी चोवीस तास इमारतीत हजर. मधल्या पायरीवर बहुतेक शस्त्रक्रिया होतात, काही तज्ज्ञ बोलावल्यावर येतात. खालच्या पायरीवर जीव टिकवून पुढे पाठवणं. प्रत्येक पायरीचं काम लेखी. मग अँब्युलन्समधल्या माणसाला एक छोटी कसोटी दिली: श्वास, नाडी, ब्लड प्रेशर, शुद्ध, आणि अपघात कसा झाला. त्यात रुग्ण गंभीर ठरला तर जवळचं छोटं हॉस्पिटल ओलांडून थेट वरच्या पायरीवर जायचं.

लंडननं २०१० मध्ये पूर्ण शहरासाठी अशी चार केंद्रं ठरवली, आणि २०१२ मध्ये इंग्लंडभर जाळं तयार झालं. साधारण पंचेचाळीस मिनिटांत मोठं केंद्र गाठता येत असेल तर थेट तिथे, नाहीतर आधी जवळ. या बदलाआधी, २००७ मध्ये, ब्रिटननं स्वतःच्या हॉस्पिटलांची तपासणी केली होती आणि जवळजवळ साठ टक्के गंभीर जखमींना अपेक्षित दर्जापेक्षा कमी उपचार मिळाल्याचं उघडपणे मांडलं होतं. नंतर २००८ ते २०१७ या काळातल्या एक लाखाहून जास्त रुग्णांच्या नोंदी अभ्यासल्या तेव्हा वाचण्याची आणि दगावण्याची शक्यता यांचं गुणोत्तर १९ टक्क्यांनी सुधारलेलं दिसलं. यामागे कुठलं जादूचं यंत्र नव्हतं. रुग्ण योग्य दारात गेला आणि आत माणसं तयार होती, इतकंच.

"आमच्या ट्रॅफिकमध्ये पंचेचाळीस मिनिटं?" असं कुणी विचारेल, आणि ते रास्त आहे. गायमुखच्या घाटात ट्रक बंद पडला की सगळी गणितं कोलमडतात. पण म्हणूनच हा निर्णय रस्त्यावर, ड्रायव्हरच्या अंदाजानं होता कामा नये. कुठल्या पट्ट्यातून, कुठल्या वेळी, कुठे, याचा नकाशा आधीच तयार हवा. रात्री दोनचा आणि सकाळी साडेनऊचा नकाशा वेगवेगळा असू शकतो.

### हॉस्पिटलात शिरल्यावर पहिल्या पंधरा मिनिटांत काय घडायला हवं?

१९७६ च्या फेब्रुवारीत जेम्स स्टायनर हे अमेरिकी हाडांचे सर्जन स्वतःचं विमान चालवत असताना नेब्रास्काच्या ग्रामीण भागात कोसळले. पत्नी जागीच गेली, मुलं जखमी झाली. जवळच्या रुग्णालयात मुलांवर झालेले उपचार पाहून ते हादरले. तिथे इमारत होती, डॉक्टर होते. कशानंतर काय करायचं याचा क्रम मात्र कुणाकडे नव्हता. त्यांनी सहकाऱ्यांबरोबर असा क्रम शिकवणारा अभ्यासक्रम सुरू केला. १९८० पासून अमेरिकेच्या सर्जन संघटनेनं तो हाती घेतला आणि आज तो भारतासह जगभर शिकवला जातो. क्रम असा: आधी श्वासाची वाट, मग श्वास, मग रक्ताभिसरण, मग मेंदूची स्थिती, मग कपडे कापून पूर्ण शरीर तपासणं. मांडी कितीही वाकडी दिसली तरी तिची पाळी नंतर.

हे सगळं एकाच डॉक्टरनं एकामागून एक केलं तर वेळ जातो. म्हणून अँब्युलन्स वाटेत असतानाच फोन येतो, काय झालंय, काय दिसतंय, काय दिलंय ते कळवलं जातं आणि रुग्ण येण्याआधी टीम खाटेभोवती उभी राहते. डोक्याशी भूलतज्ज्ञ. एकजण छातीपाशी. एकजण सुया लावून रक्त घेतो. एकजण पोटाची झटपट सोनोग्राफी करतो. आत रक्त आहे की नाही एवढंच बघायचं असतं, त्याला काही मिनिटं पुरतात. एक सिस्टर प्रत्येक गोष्टीची वेळ लिहिते. आणि पायथ्याशी एक डॉक्टर उभा असतो, जो रुग्णाला हातही लावत नाही.

ठाण्याच्या माणसाला हे समजायला गोविंदा पथक आठवलं तरी पुरे. कोण कुठल्या थरात, हे महिनाभराच्या सरावात ठरलेलं असतं. खालच्याला वरचं दिसत नाही, वरच्याला खालचं. बाहेर उभा राहून सगळं पाहणारा आणि शिट्टीवर थर हलवणारा प्रशिक्षक स्वतः थरात नसतो. तो थरात शिरला तर पाहायला कुणी उरणार नाही. ट्रॉमा टीमचा प्रमुख म्हणजे हाच माणूस. हंडीखाली आल्यावर "तू कुठे उभा राहतोस?" अशी विचारणा सुरू झाली तर काय होईल, ते सांगायला नको. आपल्या बहुतेक कॅज्युअल्टींमध्ये आज नेमकी तीच विचारणा होते: सर्जरीला कॉल गेला का, ऑर्थोवाले आले का, आधी सीटी की आधी रक्त, पेशंट कुणाच्या नावावर ॲडमिट करायचा? त्यात काम करणारी तरुण डॉक्टर मुलं-मुली जीव तोडून राबतात. त्यांच्या कष्टांत काही कमी नाही. त्यांना खाटेभोवतीच्या जागा कुणी नेमून दिलेल्या नाहीत आणि सरावही करून घेतलेला नाही.

यापुढची एक गोष्ट नातेवाइकांनी मुद्दाम समजून घ्यावी, कारण तिच्यावरून भांडणं होतात. खूप रक्त गेलेल्या शरीराचं तापमान उतरतं, रक्तात आम्ल वाढतं आणि रक्त गोठेनासं होतं. हे तिन्ही एकमेकांना वाढवतात. अशा वेळी चार-पाच तास टेबलावर ठेवून सगळं दुरुस्त करायला गेलं तर ऑपरेशन यशस्वी होऊन रुग्ण दगावतो. म्हणून अनुभवी सर्जन पहिल्या खेपेला फक्त रक्तस्राव थांबवतात, पोटात कापडाच्या घड्या दाबून ठेवतात, पोट तात्पुरतं झाकतात आणि रुग्णाला आयसीयूत नेऊन ऊब, रक्त आणि श्वास देतात. एक-दोन दिवसांनी पुन्हा थिएटरमध्ये नेऊन उरलेलं काम करतात. बाहेर बसलेल्या घरच्यांना मात्र वाटतं, "अर्धवट ऑपरेशन करून सोडलं." हे त्यांना कुणीतरी शांतपणे, बसवून सांगायला हवं. तेही टीमचं काम आहे आणि त्यासाठी माणूस नेमलेला हवा.

रक्ताचंही असंच. नुसत्या सलाइनच्या बाटल्या चढवल्या की उरलेलं रक्त पातळ होतं आणि गोठणं आणखी बिघडतं. लाल पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट जवळजवळ सारख्या प्रमाणात द्यावे लागतात. त्यासाठी रक्तपेढीशी आधी ठरलेलं हवं की फोन आला की पहिल्या पिशव्या चिठ्ठीची आणि डोनरची वाट न पाहता निघतील. "आधी रक्तदाता आणा" हे अशा रुग्णाच्या भावाला रात्री अडीच वाजता सांगणं अमानुष आहे.

### एका हॉस्पिटलातून दुसऱ्यात जाताना

आपल्याकडे सर्वांत जास्त वेळ इथे वाया जातो असं माझं ठाम मत आहे.

सर्वोच्च न्यायालयात १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्याचा निकाल लागला. मूळ घटना अशी: गाडीनं उडवलेल्या स्कूटरस्वाराला एका भल्या माणसानं जवळच्या हॉस्पिटलात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, ही पोलीस केस आहे, वीस किलोमीटरवरच्या अमुक हॉस्पिटलात न्या. वाटेत तो गेला. न्यायालयानं स्पष्ट केलं की जीव वाचवणं प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे, सरकारी असो वा खासगी, आणि पोलिसांचे सोपस्कार त्याच्या आड येऊ शकत नाहीत.

निकालाला साडेतीन दशकं झाली. आज सरळ नकार कमी मिळतो, त्याऐवजी दीड तास एक्स-रे, टाके, सीटी, आणि मग "आमच्याकडे आयसीयू बेड नाही, पुढे न्या." कागद हातात येतो, पण पुढे कुठे, तिथे कुणाशी बोलणं झालंय का, वाटेत कोण सोबत येणार, याची उत्तरं रुग्णाच्या मेव्हण्यानं फोन फिरवून शोधायची. पुढच्या हॉस्पिटलात सगळ्या तपासण्या पुन्हा.

लहान हॉस्पिटलच्या डॉक्टरांची बाजूही मांडायला हवी. रुग्ण दारात दगावला तर काचा फुटतील ही त्यांची भीती खोटी नाही. डॉक्टर आणि रुग्णालयांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. त्यामुळे रुग्ण लवकरात लवकर पुढे सरकवावा असं त्यांना वाटतं. पण कुठल्या इजेत काय करायचं आणि किती मिनिटांत पाठवायचं हे लेखी ठरलेलं असेल, तर त्या नियमानं वागणाऱ्या डॉक्टरलाच सर्वांत मोठं संरक्षण मिळेल.

ते ठरवणं अवघड नाही. छोट्या हॉस्पिटलनं श्वासाची वाट मोकळी करायची, छातीत हवा किंवा रक्त अडकलं असेल तर नळी टाकायची, वाहत्या जखमेवर दाब द्यायचा, तुटलेली कमर पट्ट्यानं किंवा साध्या चादरीनं घट्ट बांधायची आणि रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड द्यायचं. हे औषध स्वस्त आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, चाळीस देशांतल्या वीस हजारांवर जखमींच्या चाचणीत त्यानं मृत्यू कमी होतात हे सिद्ध झालं, आणि त्या चाचणीत भारतीय रुग्णालयंही होती. पण तीन तासांच्या आत, जितकं लवकर तितकं चांगलं. उशिरा दिलं तर उलट अपाय होऊ शकतो. एवढं झालं की सीटीसाठीही न थांबता पुढे पाठवायचं. आणि वरच्या केंद्राला एकच फोन नंबर हवा, चोवीस तास, ज्यावर बसलेल्या वरिष्ठ डॉक्टरला गंभीर जखमीसाठी "बेड बघून सांगतो" म्हणण्याची मुभा नसेल. रुग्ण आधी घ्यायचा, जागा नंतर करायची. डॉक्टरनं डॉक्टरशी बोलायचं. मेव्हण्याला त्यात मध्ये घालायचं नाही.

### ठाणे-नवी मुंबईत हे का जमत नाही?

कारण अपघाताला हद्द नसते आणि आपल्या आरोग्य यंत्रणेला फक्त हद्दी आहेत. एकट्या ठाणे जिल्ह्यात सहा महापालिका: ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, भिवंडी-निजामपूर आणि मीरा-भाईंदर. कळव्याचं रुग्णालय ठाणे पालिकेचं, वाशीचं नवी मुंबई पालिकेचं, सिव्हिल राज्य सरकारचं. पनवेल आणि कामोठे रायगड जिल्ह्यात. मोठी खासगी रुग्णालयं आपापल्या ट्रस्टची किंवा कंपन्यांची. १०८ ची सेवा पूर्ण राज्याची. ती २०१४ मध्ये ९३७ अँब्युलन्सनिशी सुरू झाली आणि त्यात डॉक्टर असतो ही आपली मोठी जमेची बाजू आहे. पण मुंब्रा बायपासवरच्या रुग्णासाठी कळवा, ऐरोली की मुंबईचं सायन, हे ठरवताना या सगळ्यांवर अधिकार असलेली आणि या सगळ्यांच्या खाटा एकाच वेळी दिसणारी कुठलीही एक खुर्ची नाही.

परिणाम सगळ्यांना माहीत आहे. शेवटी रुग्ण ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेनं सायनला जातो. सायन हॉस्पिटलला गंभीर जखमींचा प्रचंड अनुभव आहे आणि तिथल्या डॉक्टरांचे उपकार या पट्ट्यातल्या अनेक घरांवर आहेत. पण ठाण्यापलीकडची भली मोठी लोकसंख्या दुसऱ्या शहरातल्या एका पालिका रुग्णालयाच्या भरवशावर ठेवणं हे नियोजन नव्हे. ठाण्याच्या सिव्हिलचं नव्या मोठ्या इमारतीत रूपांतर होतंय, ते चांगलंच आहे. मला एवढंच म्हणायचंय की इमारतीच्या उद्घाटनाबरोबर हद्दी ओलांडणारा करारही हवा: कुठल्या पट्ट्यातला रुग्ण कुठे, कुणाचा फोन अंतिम, आणि पाळला नाही तर विचारणार कोण.

### "पण प्रत्येक मोठ्या हॉस्पिटलवर ट्रॉमा सेंटरची पाटी आहेच की"

पाटी असणं आणि रात्री दोन वाजता सर्जन इमारतीत असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. आणि दुसरंही एक कारण आहे. असे रुग्ण दहा ठिकाणी विखुरले तर प्रत्येकाच्या वाट्याला थोडे-थोडे येतात आणि कुठल्याच टीमचा हात बसत नाही. मोजक्या केंद्रांत ते एकत्र आले की सराव वाढतो. अमेरिकेत २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या तुलनेत ट्रॉमा सेंटरमध्ये गेलेल्या गंभीर जखमींचा मृत्यूचा धोका इतर रुग्णालयांपेक्षा २५ टक्के कमी आढळला. म्हणजे काही हॉस्पिटलांनी हे रुग्ण आपल्याकडे न ठेवणं हीसुद्धा सेवाच आहे.

### "हे श्रीमंत देशांचं झालं. आपल्याकडे पैसा कुठे?"

थायलंडमधल्या खोन केन या प्रांतिक शहराच्या रुग्णालयानं सुरुवात केली ती नोंदवहीपासून. प्रत्येक गंभीर जखमीची नोंद, प्रत्येक मृत्यूनंतर एकत्र बसून तपासणं: हा टाळता आला असता का? कुठे उशीर झाला? त्यातून दिसलेल्या त्रुटी एकेक करून भरल्या आणि मृत्यू कमी झाले. वर सांगितलेल्या गोष्टींची पुन्हा मोजदाद केली तर फोन नंबर, लेखी नियम, सराव, चादर, स्वस्त इंजेक्शन आणि नोंदवही यांना फार पैसा लागत नाही. सर्जन आणि भूलतज्ज्ञ चोवीस तास ठेवायला मात्र पैसा लागतो, आणि तो खर्च टाळता येणार नाही.

नोंदवहीबद्दल थोडं अधिक. आज रुग्ण एका हॉस्पिटलातून दुसऱ्यात गेला की त्याची गोष्ट दोन तुकड्यांत तुटते. पहिल्या ठिकाणी नोंद 'पुढे पाठवला', दुसऱ्या ठिकाणी 'आला आणि दगावला'. मधले दीड तास कुणाच्याच खात्यावर पडत नाहीत. पूर्ण पट्ट्याची एकच नोंदवही असेल तरच ते दिसतील. ती कुणाला शिक्षा करण्यासाठी वापरली तर लोक खरं लिहिणार नाहीत, हेही आधीच मान्य करायला हवं.

आणि घाईनं निकालही मागू नयेत. अमेरिकेतल्या राज्यांच्या अभ्यासात अशी व्यवस्था सुरू केल्यापासून रस्ते अपघातांतले मृत्यू ठळकपणे घटायला सुमारे दहा वर्षं लागली होती. म्हणजे एका महापौराच्या कारकिर्दीत फीत कापण्यासारखं यात फारसं काही नाही. हे काम मागे पडतं याचं मला वाटतं हेच सर्वांत मोठं कारण आहे.

### बिल कोण भरणार?

सर्वोच्च न्यायालयानं तगादा लावल्यावर केंद्र सरकारनं मे २०२५ मध्ये रस्ते अपघातग्रस्तांसाठी विनारोकड उपचारांची योजना अधिसूचित केली. मोटार वाहनाच्या अपघातातल्या जखमीला अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार नेमलेल्या रुग्णालयांत पैसे न भरता मिळतात. नेमलेलं नसलेल्या रुग्णालयात प्रकृती स्थिर करण्यापुरते. "आधी डिपॉझिट भरा" याला यातून उत्तर मिळतं, म्हणून ही योजना महत्त्वाची आहे. पण लोकलमधून पडलेला प्रवासी किंवा परांचीवरून पडलेला मजूर तिच्यात बसत नाही. शिवाय कमर, पोट आणि डोकं असा तिहेरी मार असलेल्या रुग्णाला खासगी आयसीयूत दीड लाख किती पुरणार? पुढच्या उपचारांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं हॉस्पिटल कुठलं, हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवावं.

जीव वाचल्यावरचा खर्चही मोठा असतो: फिजिओथेरपी, कृत्रिम पाय, बोलणं पुन्हा शिकणं, नोकरी. इंग्लंडच्या व्यवस्थेत गंभीर जखमीसाठी पुनर्वसनाचं लेखी प्रिस्क्रिप्शन तयार करतात. आपल्याकडे डिस्चार्ज कार्डावर "फॉलो-अप ओपीडी" एवढं लिहून हे काम संपतं, आणि घरातल्या बाईच्या खांद्यावर पडतं.

### रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसानं काय करावं?

१०८ किंवा ११२ ला फोन करावा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ सुद्धा. जागा सांगताना खांबाचा किंवा किलोमीटरचा नंबर, पुलाचं नाव, आणि मुख्य म्हणजे कुठल्या दिशेची लेन तेही सांगावं. वाहत्या जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावं आणि सारखं उचलून बघू नये. आग किंवा गाड्यांचा धोका नसेल तर जखमीला ओढाताण करून उचलू नये, कारण मान मोडलेली असू शकते. त्यानं मागितलं तरी पाणी पाजू नये. थोड्या वेळात भूल द्यावी लागणार असते.

पोलिसांच्या भीतीनं मागे राहू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ प्रमाणे मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही आणि हॉस्पिटल त्याला अडवून ठेवू शकत नाही.

आणि अपघात किती वाजता झाला ते लक्षात ठेवावं, जमलं तर फोनमध्ये लिहून ठेवावं. कॅज्युअल्टीत पहिल्या भेटणाऱ्या डॉक्टरला किंवा सिस्टरला ती वेळ सांगावी. ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडचे तीन तास त्या मिनिटापासून मोजले जातात.